आई विचारायची, माझंच चुकलं का रे?

लहानपणी मी डाव्या हाताने जेवायचो आणि आई सारखी टोकून उजवा हात लावायची. पुढे मी बोलताना अडखळायला लागलो तेव्हा आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं की हात बदललात म्हणून झालं हे. आई पंचवीसेक वर्षं ते मनात धरून बसली होती. वेखंड उगाळून चाटवून झालं, तोंडात गोटी धरून पेपर वाचून झाला, आणि शाळेत हजेरीला माझं नाव आलं की 'प्रेझेंट सर' मधल्या प वर ओठ असे घट्ट मिटायचे की पुढचा नंबर पुकारला जायचा. पण पूर्ण वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा तेव्हा मी घडाघडा, एकदाही न अडकता! तोंड तेच, जीभ तीच, मग हे कसं काय होतं, या एका प्रश्नापायी मी भाषाशास्त्राकडे आलो आणि आता तेच माझं काम आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी लायब्ररीत जुनं वाचताना मला आईचा डॉक्टर सापडला, म्हणजे ती कल्पना सापडली. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ली ट्रॅव्हिस नावाचे संशोधक म्हणायचे की मेंदूच्या दोन अर्ध्यांपैकी कोणाचंच नीट वर्चस्व नसलं की माणूस अडखळतो, आणि डावखुऱ्याचा हात बदलला की हे वर्चस्व बिघडतं. तिथे वेंडेल जॉन्सन नावाचा मुलगा, स्वतः अडखळणारा, उपचाराच्या आशेने गेला, त्याला डावखुरा करायला उजवा हात प्लास्टरमध्ये घातला, फरक शून्य. मग तो स्वतःच संशोधक झाला आणि बरोबर उलटं बोलायला लागला, की पोराच्या साध्या अडखळण्याला आईबाप 'तोतरा' म्हणतात तिथून खरं दुखणं सुरू होतं. 1939 मध्ये त्याच्या हाताखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने त्याच राज्यातल्या डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या 22 मुलांवर प्रयोग केला, त्यात नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगितलं की तुम्ही अडखळता. ती अडखळायला लागली नाहीत, पण बोलायलाच कचरायला लागली, त्यातली एक मुलगी तर डोळ्यांवर हात धरून बसायची. विद्यापीठाने माफी मागितली 2001 मध्ये आणि 2007 मध्ये राज्याने सव्वानऊ लाख डॉलर भरपाई दिली. मला हे वाचून खूप राग आला होता, अजूनही येतो. आणि इतकं होऊनही दोष घरच्यांचाच ही समजूत कित्येक दशकं टिकली, ती आमच्या गावातल्या दवाखान्यापर्यंत पोचली.

आता चित्र बरंच वेगळं आहे. अडखळणं घराण्यात चालत येतं हे पक्कं आहे, 2010 मध्ये डेनिस ड्रेना या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाच्या टीमने पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरुवात करून जीएनपीटीएबी वगैरे तीन जनुकं त्याच्याशी जोडून दाखवली. सगळ्यांचं कारण तेच असं नाही, थोड्याच लोकांत ते बदल सापडतात. पण आईने रागावल्यामुळे होत नाही एवढं नक्की. साधारण दोन ते पाच या वयात सुरू होतं आणि बहुतेक मुलांचं आपोआप थांबतंही.

मी स्वतः मराठी बोलणाऱ्यांची रेकॉर्डिंग ऐकतो. हेडफोन लावून एकेक अक्षर मार्क करायचं, तासन् तास जातात. त्यात एक गोष्ट मला फार जवळची वाटते. एक जण सांगत होता, "मला उद्या... जायचंय उद्या मला, ते आपलं, पुण्याला." आपल्या मराठीत शब्द मागेपुढे केले तरी चालतात ना, म्हणून भीतीचा शब्द माणूस शेवटी ढकलतो आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. बोलता बोलता त्याचा मेंदू पुढचं वाक्य चाचपतोय, धोक्याचा शब्द हेरतोय, वाक्य पुन्हा मांडतोय, केवढं काम आहे ते! नुसतं अडखळणं मोजलं तर हा माणूस आकड्यात दिसतच नाही. आणि संशोधन बहुतेक इंग्रजीवर झालंय, म्हणून मला हे मराठीत करायचंय.

जनुकांचा तो पेपर मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा आईला मराठीत समजावून सांगितला. ती भाजी निवडत होती. शेंगा तशाच हातात राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे आमचे अण्णा सगळ्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून द्यायचे, ते त्याच्यामुळे का रे?"