पिंपळाच्या पानापासून वर्षावनापर्यंत

ज्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलांना वर्षभर ओले राहणारे रान, म्हणजेच वर्षावन, कसे समजावून सांगावे, हा प्रश्न मला सुट्टीत आलेल्या भाचरांमुळे पडला. पुस्तकातला अ‍ॅमेझॉनचा जग्वार त्यांनी दोन मिनिटांत पाहून बाजूला सारला. मग मी दारासमोरच्या पिंपळाचे एक पान आणून त्यावर तांब्यातले पाणी ओतले. ते पानावर न रेंगाळता शेपटीसारख्या लांब टोकावरून थेंबाथेंबाने निथळले. वर्षावनातल्या कितीतरी झाडांच्या पानांना असेच निमुळते टोक असते, हे सांगणे त्यानंतर अगदी सोपे झाले.

शेजारच्या पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाचे एक रोप वाढले आहे. वर्षावनात याच कुळातली काही झाडे दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतात, मुळे जमिनीपर्यंत सोडतात आणि कालांतराने आधार देणाऱ्या झाडालाच वेढून टाकतात. ‘‘म्हणजे भाडेकरूच मालक झाला की, मामा,’’ असे भाचा म्हणाला, आणि मला याहून नेमके काही सुचले नसते.

खरी गंमत मात्र सह्याद्रीतल्या धनेश पक्ष्याने आणली. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत शिरून ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर तिला त्या फटीतून फळे भरवतो. हे ऐकल्यावर धाकटी भाची संध्याकाळभर कपाटामागे बसून भावाकडून शेंगदाणे मागवत राहिली.