तुम्ही विचारलंत म्हणून: सोबत कुणाची धरावी

“ओळख ना पाळख, अशा माणसांबरोबर एका गाडीत बसून मेक्सिकोचं वाळवंट कसं काय पार केलंत, अक्का?” बेळगावात हा प्रश्न मला भिशीत, लग्नाच्या पंगतीत, गणपत गल्लीत भाजी घेताना, कुठेही विचारला जातो. त्यात खरं तर दोन प्रश्न असतात. भीती नाही वाटली? आणि पटलं कसं? पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. दुसऱ्याला वेळ लागतो, आणि मला सांगायचं आहे ते त्या दुसऱ्यातच आहे.

आधी जागा सांगते. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियाच्या खाली मेक्सिकोचा एक चिंचोळा, लांबच लांब द्वीपकल्प समुद्रात उतरतो. त्याचं नाव बाहा कॅलिफोर्निया. पश्चिमेला प्रशांत महासागर, पूर्वेला कॅलिफोर्नियाचं आखात आणि मधे बहुतेक सगळं वाळवंट. उत्तरेच्या तिहुआनापासून दक्षिण टोकाच्या काबो सान लुकासपर्यंत जाणारा महामार्ग १९७३ साली पुरा झाला. लांबी सुमारे १,७०० किलोमीटर, म्हणजे बेळगावहून जवळजवळ दिल्ली गाठावी एवढी. माझी लेक सान दिएगोत असते, तिथून सीमा अगदी जवळ. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीयांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, हे कळलं आणि माझं जायचं ठरलं.

सोबतीला तिघं. लेकीच्या शेजारच्या निवृत्त नर्सबाई, त्यांचे धाकटे भाऊ, आणि द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या ला पास शहरात आपल्या घरी निघालेली एक मेक्सिकन विद्यार्थिनी. बहीण-भाऊ दर हिवाळ्यात देवमासे बघायला तिकडे जातात. मुलीला घरी पोचायचं होतं, मला बघायचं होतं. पेट्रोलचा आणि मुक्कामाचा खर्च चौघांत वाटून घ्यायचा, एवढ्यावर आम्ही एकत्र आलो.

आता भीतीचं. रस्ता दोन पदरी, पुष्कळ ठिकाणी अरुंद आणि कडेला मोकळी पट्टी नाही. डांबर संपलं की थेट उतार. रात्री गाई-गुरं रस्त्यावर येऊन उभी राहतात. म्हणून तिथली जाणती माणसं एक नियम पाळतात: अंधार पडायच्या आत मुक्काम. एल रोसारियो हे गाव सोडलं की पुढे सुमारे ३०० किलोमीटर पेट्रोल पंपाची खात्री नाही. मधे काताविन्या नावाच्या छोट्या वस्तीत लोक पिंपातून पेट्रोल विकतात, पण त्या भरवशावर कुणी निघत नाही. टाकी एल रोसारियोलाच भरायची. वाटेत लष्कराच्या चौक्या लागतात. सैनिक विचारतात, कुठून आलात, कुठे निघालात. निपाणीच्या स्टँडवर कुणीही म्हातारा “कुठनं आलासा?” म्हणून विचारतो, तसा मला तो प्रश्न वाटला. गाडी बिघडलीच तर मदतीला सरकारचे हिरवे ट्रक महामार्गावर फिरत असतात, त्यांना ‘हिरवे देवदूत’ म्हणतात. एवढं पाळलं की भीतीला फारशी जागा उरत नाही.

पटण्याची गोष्ट वेगळी.

आमच्या भागात परक्यांबरोबर प्रवास ही नवलाई नाही. खानापूर, चिकोडी, चंदगड, कुठेही जायचं तर वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसायचं. शेजारचा माणूस मराठी बोलतो की कन्नड, हे जीप सुटल्यावर कळतं. भाजीवाली भाव कन्नडमध्ये सांगते, आपण मराठीत कमी करायला सांगतो आणि व्यवहार होतो. बाहाच्या गाडीतही बहीण-भावाचं इंग्रजी, मुलीचं फोनवरचं भरधाव स्पॅनिश आणि लेकीशी फोनवर माझं मराठी असं चालू असायचं. त्यातलं सगळं प्रत्येकाला कळत नव्हतं, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. सगळं कळलंच पाहिजे असा हट्ट नसणं, हे मला या मातीनं दिलेलं आहे.

पण वडापचा प्रवास तासा-दोन तासांचा. खऱ्या एकत्र प्रवासाची माझी ओळख सौंदत्तीच्या जत्रेची. गल्लीतली घरं मिळून ट्रक ठरवायची, वर्गणी काढायची, जोगनभावीच्या कुंडात अंघोळ, डोंगरावर यल्लम्माचं दर्शन, देवीच्या नैवेद्याच्या पडल्या भरायच्या, उघड्यावर चूल मांडायची. सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. तिथे कुणी म्हणत नाही, मी दमले, मला तहान लागली. म्हणायची गरजच पडत नाही. बरोबर आई असते, थोरली जाऊ असते, गल्लीतली एखादी आजी असते. ती नुसतं तोंड बघते आणि म्हणते, “बस गं जरा,” आणि पाण्याचा तांब्या पुढे येतो. आपण वर म्हणायचं, “मला काय, कसंही चालतंय की.” ही आपली रीत, आणि ती चांगली रीत आहे, कारण तिच्यामागे आपला चेहरा ओळखणारी माणसं उभी असतात.

परक्यांच्या गाडीत तो चेहरा ओळखणारं कुणीच नसतं. म्हणून तिथे तोंडानं सांगावं लागतं, आणि वेळेत सांगावं लागतं. सोबती निवडायची माझी कसोटी आता एवढी एकच आहे. आवडीनिवडी जुळतात का, वय जुळतं का, खाणं जुळतं का, हे मी विचारत नाही. दमल्यावर, भूक लागल्यावर, दुखायला लागल्यावर हा माणूस वेळेवर बोलेल का, एवढंच बघते. पुढचा पंप शेकडो किलोमीटरवर आणि सूर्य मावळायच्या आत पोचायचं, अशा रस्त्यावर एक जण गप्प राहून सोसत बसला तर त्याचं ओझं चौघांवर पडतं.

नर्सबाईंची एक शिस्त होती. रोज सकाळी गाडीची किल्ली फिरवायच्या आधी त्या प्रत्येकाला विचारायच्या: झोप झाली का, औषध घेतलं का, आज कुठे काही दुखतंय का. “ठीक आहे” हे उत्तर त्यांना चालत नसे. भाऊ सरळ सांगायचे, गुडघा धरलाय, दर तासाला थांबायला लागेल. मीही पहिल्याच सकाळी सांगून टाकलं की मला वेळेवर खायला लागतं, नाहीतर डोकं चढतं. सौंदत्तीच्या ट्रकमध्ये मी हे कधीच बोलले नसते. त्या दिवसापासून दुपारचं खाणं काढायचं काम माझ्याकडे आलं.

काताविन्याच्या आसपास निसर्ग असा आहे की गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं. घराएवढाल्या गोलसर खडकांचे ढीग, त्यात कार्दोन नावाचे निवडुंग दोन-तीन मजल्यांएवढे उंच वाढलेले. आणि सिरियो. उपटून उलटा रोवलेला मुळा असावा तसं हे झाड सरळ वर निमुळतं होत जातं, अंगावर बारीक बारीक फांद्या. या द्वीपकल्पाबाहेर ते आखातापलीकडच्या सोनोरा राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान पट्ट्यात तेवढं सापडतं. मी त्याच्या बुंध्यावरून हात फिरवला. तिथे अजून थांबायचं होतं. तेही मी सांगितलं आणि आम्ही थांबलो. नको असलेलं सांगायचं तसं हवं असलेलंही सांगायचं असतं.

गेरेरो नेग्रो गावाजवळ २८व्या अक्षांशावर दोन राज्यांची हद्द आहे. हिवाळ्यात तिथे घड्याळ एक तास पुढे करायचं. आपल्याकडे राज्याच्या हद्दीवर कोगनोळी नाक्यावर असते तशी तिथेही तपासणी होते, पण फळांची, कीड इकडून तिकडे जाऊ नये म्हणून. गावात मिठागरं आहेत, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी.

पुढचा मुक्काम सान इग्नासिओ. वाळवंटात एकदम खजुरीची राई आणि पाणी. खजूर जेसुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी आणला, त्यांचं मिशन, म्हणजे धर्मप्रसाराचं ठाणं, १७२८ सालचं. आजचं चर्च नंतर डॉमिनिकन या दुसऱ्या संघाच्या पाद्र्यांनी १७८६ मध्ये पुरं केलं, ज्वालामुखीच्या दगडाचं, मीटरभराहून जाड भिंतींचं. तिथे सकाळच्या प्रश्नाला मुलीनं उत्तर दिलं, अर्धशिशी उठली आहे, आज गाडीत बसवणार नाही. तिचीच घरी पोचायची घाई सगळ्यांत जास्त होती, तरी ती बोलली. नर्सबाईंनी खोली आणखी एका रात्रीसाठी घेतली, आणि विषय संपला. कुणी उसासा टाकला नाही. ती अंधाऱ्या खोलीत पडून राहिली आणि आम्ही तिघं चौकातल्या मोठ्या झाडांच्या सावलीत बसलो. त्या झाडांना तिथे ‘भारतातलं लॉरेल’ म्हणतात. आपल्या वडा-पिंपळाच्याच कुळातली ती, आणि मला तशीच ओळखीची वाटली.

दुसऱ्या दिवशी ती बरी झाली आणि आम्ही चौघं सान इग्नासिओच्या खाडीवर देवमासे बघायला गेलो. करडे देवमासे आर्क्टिककडच्या थंड समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत हिवाळ्यात इथल्या उथळ, उबदार खाड्यांत पिलं घालायला येतात. एकोणिसाव्या शतकात शिकाऱ्यांनी याच खाड्यांत शिरून त्यांची कत्तल केली होती. २००० साली याच सान इग्नासिओ खाडीकाठी होऊ घातलेला मोठा मीठ प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे रद्द झाला. आज मासेमारांच्या छोट्या होड्या, पांगा, परवान्यानं माणसं नेतात. होडी स्थिर उभी करायची, जवळ यायचं की नाही ते माशानं ठरवायचं. एक मादी पिलाला घेऊन आली. पिलू आमच्या होडीच्या कडेला टेकलं आणि मुलीनं त्याच्या नाकाडावर हात ठेवला. ती रडत होती, मीही रडत होते. आदल्या दिवशी ती गप्प राहून गाडीत बसली असती तर आम्ही या खाडीला वळसा घालून पुढे गेलो असतो.

सांता रोसालिया, मुलेहे, लोरेतो ही गावं त्यानंतर आली, सुंदर आहेत, पण त्यांच्याबद्दल मला कुणी विचारत नाही. ला पासला मुलीच्या आईनं आम्हाला जेवायला बसवलं. मी सोबत नेलेली कडक भाकरी आणि चटणी उरली होती, ती त्या घरी दिली. तिनं ती तिकडच्या मक्याच्या पातळ भाकरीशेजारी, तोर्तियाशेजारी, ठेवली आणि दोन्ही मोडून चवीनं खाल्लं.

पैशाचं कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून तेही सांगते. एक सामायिक पिशवी, रोख पेसो, सगळ्यांनी सारखे घातलेले; पेट्रोल, खोल्या, खाणं त्यातूनच. आपल्या आवडीचं घ्यायचं ते स्वतःच्या पाकिटातून. मेक्सिकोचा गाडीविमा मात्र सीमेआधीच काढायचा. अमेरिकेतला तिथे चालत नाही.

परत जाल का, म्हणता? जाईन. सान इग्नासिओच्या उत्तरेला सिएरा दे सान फ्रान्सिस्कोच्या डोंगरात माणसापेक्षा मोठ्या आकृतींची प्राचीन गुहाचित्रं आहेत, १९९३ पासून जागतिक वारसा. आतल्या दऱ्यांत खेचरावरून, वाटाड्या घेऊन जावं लागतं, आणि परवानगी गावातच निघते. नर्सबाईंनी कळवलंय की गाडी त्या चालवतील. भावांनी कळवलंय की खेचरावर त्यांचा गुडघा टिकणार नाही, ते गावात थांबतील. म्हणजे डोंगरात जायला एक जागा मोकळी आहे.