घाट चढून आलेलं शेवाळ

किल्ला, त्यातलं १२०४ सालचं जैन मंदिर कमल बस्ती, खडेबाजारातली जीव नकोसा करणारी गर्दी आणि डबाभर कुंदा. बेळगाव एवढ्यात आटपलं. लिहायचंय ते इथल्याच शहापूर भागातल्या आत्याच्या मागच्या पडवीबद्दल.

आत्या इथल्या मराठी शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर तिने खरंखुरं समुद्रशैवाल, म्हणजे समुद्रातलं शेवाळ, कागदावर दाबून वाळवून त्याची चित्रं करायला घेतली. थंडीत तिचा भाचा वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे येताना शेवाळ डब्यात खाऱ्या पाण्यात घालून आणतो. वाळूवर वाहून आलेलंच उचलायचं, खडकावरचं ओरबाडायचं नाही, ही तिची सक्त ताकीद.

"पंखा बंद कर की, पाणी हलतंय," म्हणत तिने परात पुढे ओढली. परातीत खडेमिठाचं पाणी. गोड्या पाण्यात नाजूक लाल शेवाळाच्या पेशी फुटून रंग सुटतो. तिने बोटांतला बुळबुळीत तांबूस गोळा पाण्यात सोडला आणि तो उलगडत गेला. फांदी, तिला उपफांदी, तिच्या टोकाला केसाहून बारीक तंतू. मी बोलायचीच थांबले. मग तिने खालून जाड कागद सरकवला, ब्रशने एकेक तंतू मांडला, दाटी झाली तिथे कात्री चालवली आणि कागद तिरका धरून इतक्या सावकाश उचलला की एकही तंतू जागचा हलला नाही. वर मलमलचं फडकं, रद्दी आणि त्यावर पाटा. रद्दी रोज बदलायची.

डिंक नाहीच. शेवाळातला चिकट पदार्थच त्याला कागदावर धरून ठेवतो. उल्वा नावाचं हिरवं शेवाळ जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं, वाळल्यावर जलरंगाचा हात फिरवल्यासारखं दिसतं. सरगॅसम नावाचं शेवाळ मात्र छळतं. त्याचे हवेचे फुगे काही केल्या सपाट होत नाहीत.

किनाऱ्यावरच्या दमट हवेत कागदाला बुरशी लवकर धरते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. इथल्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत चित्रं छान वाळतात. शेवाळ कोकणचं, पण हे काम इथेच व्हावं, असं मला मनापासून वाटलं.

तेवढ्यात शेजारचे एक काका डोकावले. "विकत नाही, तर उपयोग काय ह्याचा?" मला संतापच आला. आत्या ब्रश धूत राहिली.

भिंतीवर तिने एकही चित्र लावलेलं नाही, उजेडाने लाल रंग उडतो म्हणून. सगळी कपाटात, साड्यांच्या घडीखाली. निघताना मी एक मागितलं तर साफ नाही म्हणाली. "पुढच्या थंडीत ये आणि स्वतः कर की. कागद जाड आण तेवढा."