परसातल्या वाफ्यांवर काय पसरलं

कराडला आमच्या घरामागे 20 बाय 15 फुटांचं परस आहे. माती काळी, चिकट. एप्रिल लागला की करंगळी जाईल एवढ्या भेगा पडतात. सकाळी भरपूर पाणी घातलं तरी दुपारी चारला वांगी माना टाकायची. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीत बीजामृत आणि जीवामृत ही शेण-गोमूत्राची द्रावणं, वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवेचा मेळ, आणि यांच्या जोडीला आच्छादन, म्हणजे माती पालापाचोळ्याने झाकणं, येतं, हे ऐकून माहीत होतं. पण ते एकरांचं गणित, असं समजून मी सोडून दिलं होतं. एका उन्हाळ्यात टाकीचं पाणी बागेला पुरेना, तेव्हा मात्र मनावर घेतलं.

सुरुवात लाकडाच्या भुशाने केली, कारण वखारीत तो फुकट मिळाला. दोन पोती आणली आणि टोमॅटोच्या वाफ्यात खुरप्याने मातीत चांगली कालवली. तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी घातलं. दूध घालायला येणारे आबा शेतकरी आहेत. त्यांनी वाफ्यातली मूठभर माती उचलून पाहिली.

"वैनी, भुसा मातीत कालवलासा व्हय? मग त्यो कुजताना मातीतलं नत्र खाणारच की. वर पसरायचा असतोय त्यो."

लाकडात कर्ब (कार्बन) भरमसाट आणि नत्र (नायट्रोजन) नावालाच. भुसा कुजवणारे जिवाणू आपली नत्राची गरज मातीतून भागवतात आणि झाड उपाशी राहतं. भुसा वरवर पसरला असता तर हा प्रकार मातीच्या अगदी वरच्या थरापुरता राहिला असता. दर आठवड्याला शेणाची स्लरी घालत राहिले, तेव्हा कुठे दीड महिन्याने नवी पानं हिरवी आली.

मग शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधलं हिरवं गवत कापून जाडसर घातलं. चार दिवसांत ते आतून तापलं, बुळबुळीत झालं, आंबूस वास सुटला. शिवाय त्यात बी धरलेलं गाजर गवत होतं. पुढचा अख्खा हंगाम मी ते उपटत होते. आता गवत घेतलंच तर फुलोऱ्याआधीचं, दोन दिवस उन्हात वाळवून आणि पातळ थरात. काळ्या मल्चिंग पेपरचाही विचार केला होता. खाली ठिबक असेल तर मिरची-कलिंगडाला तो उत्तम, पण झारीने पाणी घालणाऱ्या मला काय उपयोग? तो कुजून मातीला काही देतही नाही.

आणि उत्तर तर दारातच होतं. कराडच्या आसपास सगळा ऊस. तोडणीनंतर कुठे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवलं की काळी काजळी उडत येऊन आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. ते जाळू नका, खोडव्याच्या, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, सरीत ठेवा, असं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र किती वर्षं सांगतंय! ते जळताना पाहिलं की आता जीव तुटतो. जानेवारीत दिरांच्या शेतातून मी सहा पोती भरून आणली. पाचटाच्या कडा हात कापतात, म्हणून हातमोजे घातले आणि कोयत्याने वीतभर तुकडे केले. लांब पाचट वाफ्यात नीट बसत नाही, वाऱ्याने उचलतं.

या वेळी घाई केली नाही. दोन वाफ्यांत सारखीच वांगी होती. दोन्ही आधी पाण्याने तुडुंब भिजवले, कारण कोरडी माती झाकली तर ती कोरडीच राहते. एकावर चार बोटं जाड पाचट घातलं, दुसरा उघडा ठेवला. चार दिवस पाणी बंद. मे महिन्यातली दुपार होती. उघड्या वाफ्यात खुरपं आपटलं तर खणखणीत ढेकूळ निघालं. दुसरीकडे पाचट बाजूला केलं आणि पहिल्या पावसासारखा वास आला. माती मुठीत दाबली तर लाडू वळला. पाचटाच्या खालच्या बाजूला पांढरे बुरशीचे धागे धरले होते आणि एक बारकं गांडूळ लगबगीने आत शिरलं. मी सासूबाईंना हाक मारून बाहेर बोलावलं, त्यांनाही ते दाखवायचंच होतं.

त्यांच्या मोगऱ्याच्या बाबतीत मात्र मी चुकले. पाचट थेट बुंध्याला लावून ढीग केला होता. जुलैच्या पावसात साल मऊ पडली, काळपट झाली. त्यांच्या लक्षात आलं म्हणून झाड वाचलं. त्या दिवसापासून बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडते. घराच्या भिंतीपासूनही दीड फूट लांब, कारण सुक्या पाचटाखालून वाळवीची मातीची रेघ भिंतीकडे निघालेली मी पाहिली होती.

पावसाळ्यात आणखी एक त्रास झाला, गोगलगायींचा. दिवसभर पाचटाखाली गारव्याला बसायच्या आणि रात्रीत झेंडूची रोपं फस्त. पहाटे बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, असं पंधरा दिवस चाललं. म्हणून जून ते सप्टेंबर कोवळ्या रोपांजवळचं आच्छादन काढून चिकू आणि कढीपत्त्याखाली सरकवते. मेथी-कोथिंबिरीला रोप चार बोटं वर येईपर्यंत काहीच घालत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा पाचटात पालापाचोळा मिसळते. देशी बदामाची मोठी पानं नुसती पसरली तर एकावर एक चिकटून चटई होते आणि पाणी वरून वाहून जातं. म्हणून पोत्यात भरून पायाने तुडवायची, चुरा करायचा. आंब्याची पानं चिवट, बरेच महिने टिकतात, ती झाडांच्या आळ्यांत. कुंड्यांना नारळाच्या शेंड्या उलगडून घालते.

यंदा वांग्यांना एप्रिलमध्येही तीन दिवसांआड पाणी पुरलं. मोगरा बहरलाय. सासूबाई रोज सकाळी पाचट जरा सारून दोन बोटं मातीत खुपसतात आणि मला आतूनच हाक देतात, "आज नको गं पाणी."