मिक्सर उघडणाऱ्याचाही विचार करा

शाश्वत डिझाइनचा विषय निघाला की चर्चा खोक्यापाशी अडकते. खाकी कागदाचं खोकं, त्यावर हिरवं पान, आत प्लास्टिकऐवजी कागदाचा लगदा. चांगलंच आहे. पण ते खोकं आठवडाभरात रद्दीत जातं आणि आतला मिक्सर वॉरंटी संपता संपता भंगारात. डिझायनरची कल्पकता खरी कामाला यायला हवी ती या दुसऱ्या ठिकाणी.

चटणी वाटताना मिक्सर एकदम बंद पडतो. जारमध्ये माल जास्त झालेला असतो किंवा पातं अडकलेलं असतं, म्हणून ओव्हरलोड प्रोटेक्टरने वीज तोडलेली असते. जार उतरवायचा, मोटर थोडी गार होऊ द्यायची, तळाचं लाल बटण दाबायचं, झालं. पण ते बटण रबरी पायांच्या मधे, मिक्सरच्या पोटाखाली! ओट्यावरचा मिक्सर उलटा करून कोण बघतं? माहितीपुस्तिका खोक्याबरोबर कधीच गेलेली. मग ‘मिक्सर जळला’ असं ठरतं आणि चांगली मोटर एक्स्चेंज ऑफरमध्ये जाते.

बटण तळाशी टाकण्यामागे कारण आहे. जारमधून ओघळलेलं पाणी तिथे पोचत नाही आणि वायरही आखूड लागते. तरी ते मागच्या बाजूला, बॉडीच्या कडेच्या आडोशाला, रबरी टोपीखाली बसवता येतं. खर्च वीतभर वायरीचा आणि एका टोपीचा. शेजारी मराठीत आणि हिंदीत एवढंच लिहायचं: ‘बंद पडला? थांबा, गार होऊ द्या, दाबा.’ हे स्टिकरवर नको. तेलाचे हात आणि ओला फडका यांपुढे स्टिकर टिकत नाही. अक्षरं मोल्डमध्येच, म्हणजे प्लास्टिक ओततात त्या साच्यातच, कोरून घ्या, म्हणजे ती प्लास्टिकबरोबर उठून येतील. यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव, फक्त स्क्रीनवर असतो असं मानणाऱ्यांनी या बटणाकडे एकदा नीट बघावं.

कपलरची, म्हणजे मोटर आणि जारचं पातं जोडणाऱ्या दातेरी तुकड्याची गोष्ट उलटी, तिथे विचार झालेला दिसतो. पातं अडकलं की कपलरचे दात झिजतात किंवा तुटतात आणि मोटर वाचते. मोडायचंच असेल तर काय मोडावं हे आधी ठरवून ठेवलेलं. मला ही सगळ्यात सुंदर कल्पकता वाटते. पुढे मात्र गोची होते. बऱ्याच मॉडेलांत मोटरवरच्या कपलरचे आटे उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या सवयीने फिरवला की तो आणखी घट्ट बसतो. लोक पक्कड लावून जोर करतात आणि शाफ्टच, म्हणजे मोटरचा फिरता दांडाच, वाकवतात. कपलरवर उघडण्याच्या दिशेचा बाण उठवा. शाफ्ट खालून पेचकसाने धरता येईल असं भोक तळाच्या झाकणात द्या. आणि कृपा करून नव्या मॉडेलसाठी दातांची रचना बदलू नका. दुकानदाराकडे जुनाच कपलर मिळाला तरच तो बदलला जाईल. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या, झिजणाऱ्या कार्बन ब्रशचंही तसंच: बाहेरून टोपी फिरवून निघाला तर पाच मिनिटांचं काम, नाहीतर अख्खी बॉडी खोला.

खोलायचं म्हटलं की स्क्रू. प्लास्टिकमध्ये थेट घुसवलेला, स्वतःच आटे पाडणारा सेल्फ टॅपिंग स्क्रू चार-पाचदा उघडझाप केली की फिरत राहतो, कारण भोकातले आटे खाल्ले जातात. तिथे एम३चा (३ मिमी स्क्रूचा) पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी हवी, आणि ती ज्यात बसते त्या प्लास्टिकच्या खुंटीची, म्हणजे बॉसची, जाडी अशी की बाहेरचा व्यास इन्सर्टच्या साधारण दुप्पट येईल, नाहीतर बॉस चिरतो. स्क्रू सगळे एकाच लांबीचे. दोन लांब्या ठेवल्या की लांब स्क्रू चुकून आखूड जागी जाणार आणि बॉस फोडणार. मुंबईच्या दमट, खारट हवेत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू गंजतो, डोक्याची खाच जाते आणि ड्रिल मारायची वेळ येते. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या. समुद्राजवळ त्यावरही तपकिरी डाग पडतात, पण खाच शाबूत राहते.

इथे एक पेच आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. दुरुस्तीला सोयीचा पितळी इन्सर्ट भंगारात गेल्यावर त्रास देतो. मुंबईत भंगाराचा पुनर्वापर चालतो त्या धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिकचा तुकडा करणाऱ्या ग्राइंडरच्या पात्यांना पितळ लागलं की पाती जातात. म्हणून कामगार हातोडीने बॉस फोडून इन्सर्ट काढतात. तेव्हा इन्सर्ट फक्त उघडल्या जाणाऱ्या झाकणाच्या चार जागी द्या, बाकी ठिकाणी सेल्फ टॅपिंग चालतो.

त्याच तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक ओळखतात ते आपटून, मोडून, जाळून वास घेऊन आणि पाण्यात टाकून. पाण्याची घनता १ धरली तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या प्लास्टिकची ०.९, एचडीपीईची (जाड पॉलिथिनची) ०.९५, दोन्ही तरंगतात. कडक बॉडीचं एबीएस १.०५, पाण्याच्या बाटल्यांचं पेट १.३८, हे बुडतात. आता पीपीत २० टक्के टाल्क (खनिजाची भुकटी) घातली की तिची घनताही १.०५ च्या आसपास जाते आणि एबीएसबरोबर तळाशी बसते. मग पुनर्वापरासाठी निघणारा प्लास्टिकचा दाणा खराब. म्हणून प्रत्येक मोठ्या भागाच्या आत >PP-TD20< (पीपी, २० टक्के टाल्क) अशी आयएसओ ११४६९ या आंतरराष्ट्रीय मानकाची खूण उठवा. पेट बाटलीवर पीव्हीसीची स्लीव्ह नको. दोन्ही बुडतात, आणि पेट वितळण्याच्या तापमानाला पीव्हीसीचं विघटन होऊन आम्ल सुटतं. मुठीवर रबरासारखा मऊ लेपही नको. पॉलियुरेथेनचा तो लेप दमट हवेत काही पावसाळ्यांनंतर चिकट होतो आणि लोक धडधाकट वस्तू टाकून देतात. पकड हवी असेल तर प्लास्टिकलाच पोत द्या.

अ‍ॅपबद्दल एकच. वस्तू वायफायवर असेल तर सर्व्हर बंद झाल्यावरही बटणांनी चालली पाहिजे, आणि ‘ई४’ असा कोड दाखवला तर त्याचा अर्थ वस्तूवरच वाचता आला पाहिजे.

हे सगळं तपासायची सोपी रीत: नमुना मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या मेकॅनिकपुढे ठेवा. ड्रॉइंग देऊ नका, एकच पेचकस द्या, आणि गप्प बसा. पेचकसाचं टोक तो पहिल्यांदा कुठे घुसवतो ते बघा. चुकीच्या जागी घुसवलं तर जोडाची खाच चुकीच्या जागी आहे. त्याच्या वेळेचे पैसे द्या. हे मोल्ड कापायच्या आधी, थ्रीडी प्रिंटवर करा. मोल्डमधलं पोलाद आणखी कापणं सोपं, परत भरणं महाग. फक्त स्नॅपची, म्हणजे स्क्रूशिवाय दाबून अडकणाऱ्या प्लास्टिकच्या खटक्याची, परीक्षा त्या प्रिंटवर होत नाही, तो थरांच्या रेषेत तुटतो. स्नॅपसाठी खऱ्याच प्लास्टिकचे दोन-चार नमुने काढावे लागतील.