तुम्ही विचारलंत म्हणून: ती प्रत्येक वेळी वेगळं का सांगते?

अत्याचाराला सामोऱ्या गेलेल्या मुलींसोबत समुपदेशक म्हणून धुळे आणि नंदुरबारच्या न्यायालयांत माझे जाणे-येणे असते. त्यामुळे नातेवाईक, शिक्षक, कधी एखादे तरुण वकीलही मला हमखास विचारतात: "खरंच घडलं असेल, तर पोलिसांना एक आणि कोर्टात दुसरं, असं कसं?"

एका मुलीने फिर्यादीत घटना अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधीची सांगितली होती आणि दीड वर्षानंतर साक्ष देताना ती अखाजीनंतरची म्हणाली. उलटतपासणीचा बराचसा वेळ त्या तीन-चार दिवसांच्या फरकावरच गेला. दाराची कडी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे चित्र तिने दोन्ही वेळा जसेच्या तसे सांगितले होते, पण त्याची दखल कोणी घेतली नाही. जिवावर बेतते तेव्हा मन समोरच्या एक-दोन गोष्टी घट्ट धरून ठेवते. वार, वेळ आणि घटनांचा क्रम मात्र तितके पक्के नोंदले जात नाहीत. आपल्याकडे तर वर्षाचा हिशेबच अखाजी, पोळा आणि कापूसवेचणीवर चालतो, तिथे पंधरा वर्षांच्या मुलीकडून तारखेची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयानेही १९८३ साली भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात म्हटले आहे की साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी नसते आणि किरकोळ विसंगतींना अवाजवी महत्त्व देऊ नये.

दुसरा प्रश्न त्याहून कठोर असतो: "ओरडली का नाही?" स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचारासाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी घटनेच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात जखडून गेल्याचे सांगितले. भीतीने शरीर असे गोठते तेव्हा हलायचे की नाही, हे माणसाच्या हातात राहत नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडले होते, त्यांच्यात सहा महिन्यांनी आघातोत्तर ताणविकार आणि तीव्र नैराश्य अधिक आढळले. म्हणजे जी गप्प राहिली, तिला कमी लागले असे समजणे साफ चूक आहे.

मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट मात्र भाषेची आहे. तीच मुलगी अहिराणीत म्हणाली होती, "मन्हा हातपाय गळी गयात." कागदावर उतरले ते असे: "मी घाबरल्याने प्रतिकार केला नाही." तिचे वाक्य शरीराबद्दल होते, लिहिलेले वाक्य तिच्या निर्णयाबद्दल झाले, आणि न्यायालयात तिला ज्या शब्दांवरून घेरले गेले ते शब्द तिचे नव्हतेच. सातपुड्यातल्या, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलींच्या जबाबात हे अंतर आणखी वाढते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात मूल जसे बोलेल तसाच जबाब नोंदवावा, गरज पडल्यास दुभाष्याची मदत घ्यावी, असे स्पष्ट सांगितले आहे. साक्षीच्या वेळीही वकिलांनी मुलाला थेट प्रश्न न विचारता ते न्यायाधीशांमार्फत विचारायचे असतात. न्यायालयाने गुन्ह्याची दखल (संज्ञान) घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी, ही कायद्याची अपेक्षाही मला आघाताच्या दृष्टीने फार शहाणपणाची वाटते, कारण साक्ष लांबते तितके दिवस मूल ती घटना उराशी जपून ठेवत असते. विसरायची मुभाच त्याला नसते. या मुलीला दीड वर्ष थांबावे लागले.

म्हणून हल्ली मी फिर्याद वाचून दाखवली जात असताना मुलीशेजारी बसते आणि प्रत्येक वाक्य अहिराणीत पुन्हा सांगून, "तू आसंच सांगेल शे ना?" (तू असंच सांगितलं आहेस ना?) असे विचारते. मागच्या पावसाळ्यात एका मुलीने मान हलवली नाही. महिला हवालदाराने क्षणभर तिच्याकडे पाहिले, ओळ खोडली, आणि मुलीचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहिले.