नऊ मिनिटांत दोनदा

जानेवारीतला एक मंगळवार. दुपारी 3 वाजून 24 मिनिटांनी अलर्ट आला: सर्व्हर चालू आहे, पण अपटाइम, म्हणजे सलग चालू असल्याचा काळ, 2 मिनिटं. सकाळपर्यंत तोच आकडा 206 दिवस होता.

सर्व्हर जर्मनीतल्या एका डेटासेंटरमधला, महिन्याच्या भाड्याने घेतलेला. आम्ही पुण्यात. साध्या डेस्कटॉप बोर्डवरचं स्वस्त यंत्र: 64 जीबी रॅम, तीही ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) नाही, 512 जीबीच्या दोन एनव्हीएमई (वेगवान) डिस्क सॉफ्टवेअर रेड-1 मध्ये (दोन्हींवर तोच डेटा), एकच पॉवर सप्लाय. त्यावर डेबियन 12 ही लिनक्स सिस्टीम आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. महागड्या सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा वेगळा छोटा संगणक असतो. वीज गेली, वॉचडॉग (यंत्र अडकलं की ते रीसेट करणारा टायमर) सुटला, पंखा बंद पडला, सगळं तो स्वतःच्या वहीत टिपून ठेवतो. ती वही वाचणारं आयपीएमआयटूल चालवलं की निम्मी केस तिथेच मिटते. इथे ती वहीच नव्हती.

पहिला प्रश्न नेहमीचाच: आपल्यापैकी कुणी केलं का? सुडोच्या (अ‍ॅडमिनच्या हक्काने दिलेल्या आज्ञांच्या) नोंदी कोऱ्या, कुणी लॉगिन नव्हतं, आपोआप अपडेटनंतर रीबूट करण्याची सेटिंग बंद. तरी 'नाही' या उत्तरावर विसंबू नये. बंद-चालूचा इतिहास दाखवणारी 'लास्ट -एक्स' ही आज्ञा चालवून पाहावी. नीट झालेल्या रीबूटमध्ये दोन ओळी दिसतात, आधी शटडाउनची आणि मग रीबूटची. इथे शटडाउनची ओळ नव्हती. आणि रीबूटच्या ओळी एक नाही, दोन होत्या.

सिस्टीमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला 'लिस्ट-बूट्स' सांगितल्यावर ते आणखी स्पष्ट झालं. 206 दिवसांचं एक बूट (सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा एक काळ), मग जेमतेम आठ मिनिटांचं एक, मग सध्याचं. पहिला रीबूट आमच्या नजरेतून सुटला होता, कारण यंत्र सव्वा मिनिटात परत उभं राहत होतं. पिंगचा अलर्ट सलग तीन मिनिटं उत्तर आलं नाही तरच वाजतो, आणि अपटाइम दर 15 मिनिटांनी एकदा तपासला जातो. (हे लगेच दर मिनिटावर आणलं.)

आता वेळ पक्की करायची होती. अशा तपासात निम्मे गोंधळ घड्याळाचे असतात. सर्व्हर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आपण साडेपाच तास पुढे, जर्मनी हिवाळ्यात यूटीसीच्या एक तास पुढे. कागदावर तीन रकाने आखले आणि प्रत्येक घटना तिन्हींत लिहिली. शिवाय बूटच्या सुरुवातीच्या ओळींची वेळ बोर्डवरच्या बॅटरीच्या घड्याळातून येते. ते काही सेकंद पुढे-मागे असू शकतं आणि एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) नंतर ते जागेवर आणतं. म्हणून त्या पहिल्या ओळींवर भार टाकायचा नाही.

206 दिवसांच्या बूटची शेवटची नोंद 09:40:01 ची, यूटीसीत. दर मिनिटाला चालणाऱ्या क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेची) साधी ओळ. तिच्याआधी ना एरर, ना तक्रार. म्हणजे यंत्र 09:40 ला मेलं? नाही. विनंत्या या यंत्राकडे पोचवणारी प्रॉक्सी दुसऱ्या सर्व्हरवर आहे, आणि तिच्या नोंदीत आमच्या या यंत्राने 09:41:33 ला एका विनंतीला व्यवस्थित उत्तर दिलेलं होतं. म्हणजे 09:41:01 ला क्रॉन चालला असणार, त्याची ओळही लिहिली गेली असणार, पण मेमरीतून डिस्कवर उतरायच्या आत सगळं थांबलं. नोंदी ठेवणारी सेवा, जर्नलडी, साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करतो त्या दर 5 मिनिटांनी. लगेच पक्क्या होतात त्या फक्त सर्वांत गंभीर पातळ्यांच्या. मधल्या काळात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आपल्या सवडीने, साधारण अर्ध्या मिनिटाने, साचलेली पानं उतरवत असतो. 32 सेकंदांपूर्वीची ओळ गायब असणं या हिशोबात चपखल बसतं. लॉगची शेवटची ओळ म्हणजे मृत्यूची वेळ, असं धरून कित्येक जण चुकीच्या मिनिटावर बोट ठेवतात. खरी वेळ बाहेरच्या यंत्राकडे मागावी.

मृत्यू अचानक झाला याला इतर साक्षीही होत्या. पोस्टग्रेसने उठल्याबरोबर 'डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, दुरुस्ती सुरू' अशा अर्थाची ओळ लिहिली. ईएक्सटी4 या फाइलसिस्टीमने आपल्या जर्नलमधून सावरून घेतलं. रेडने स्वतःला 'स्वच्छ नाही' म्हणत पुन्हा जुळवाजुळव सुरू केली. हे सगळं दोन्ही बूटना. पण यातून इतकंच कळतं की यंत्राला निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही. वीज गेली, कर्नल कोसळला की कुणी रीसेटचं बटण दाबलं, तिन्हींत हेच दिसतं.

इथे तर्क सुरू झाले. 206 दिवस ऐकून एकाला जुना 208.5 दिवसांचा दोष आठवला. जुन्या कर्नलांमध्ये नॅनोसेकंदांची मोजणी 2 च्या 54 व्या घातापाशी उलटायची आणि यंत्र कोसळायचं, तो काळ बरोबर 208.5 दिवसांचा. पण असे दोष दोन दिवस आधी येत नाहीत. आकडा जुळला तर तंतोतंत जुळतो, नाहीतर तो दोष नसतोच. शिवाय आमचं कर्नल 6.1, तो दोष त्याच्या बऱ्याच आधी दुरुस्त झालेला. दुसऱ्याचं म्हणणं, नवं कर्नल खराब आहे. यात थोडं तथ्य वाटावं अशी परिस्थिती होती. मधल्या सहा महिन्यांत कर्नलचे अपडेट बसले होते, पण रीबूट न झाल्यामुळे लागू झाले नव्हते. (206 दिवसांचा अपटाइम मिरवण्यासारखा नसतो तो याचमुळे.) दुसरा रीबूट झाला तेव्हा यंत्र नव्या कर्नलवर होतं. पण पहिला जुन्यावर असताना झाला होता.

कर्नल कोसळलं असतं तर ते आपणहून परत उठलं असतं का, हाही प्रश्न आहे. कर्नल.पॅनिक ही सेटिंग आमच्याकडे मूळचीच, म्हणजे 0. अशा यंत्रात कर्नल पॅनिक झालं (सावरता न येणारी चूक होऊन कोसळलं) की ते जागच्या जागी थिजतं आणि कुणीतरी बटण दाबेपर्यंत थिजलेलंच राहतं. वॉचडॉग चालू नव्हता. कोसळताना कर्नल शेवटच्या नोंदी जिथे ठेवतो ती पीस्टोअरची डिरेक्टरी रिकामी. मेमरी संपली म्हणावं तर ओओएम किलर प्रक्रिया मारतो, यंत्र नव्हे. प्रोसेसर अतोनात तापला तर तो वीज तोडतो खरा, पण मग यंत्र सहसा बंदच राहतं. हे तर दोनदा सव्वा मिनिटाच्या आत हजर होतं.

मग डिस्कना विचारलं. एनव्हीएमई डिस्क आपल्या आयुष्याचे दोन आकडे स्वतःजवळ ठेवते: वीज किती वेळा आली, म्हणजे पॉवर सायकल, आणि पूर्वसूचना न देता किती वेळा गेली, म्हणजे अनसेफ शटडाउन. स्मार्टसीटीएल दोन्ही दाखवतो. साध्या रीसेटमध्ये डिस्कची वीज सहसा तुटतच नाही, त्यामुळे पॉवर सायकलचा आकडा हलत नाही. वीज खरोखर गेली तरच हलतो. अट एकच, आधीचा आकडा लिहिलेला हवा. आमचा एक क्रॉन रोज रात्री स्मार्टसीटीएलचं सगळं उत्तर फाइलमध्ये टाकतो. एरवी ती फाइल कुणी उघडत नाही.

सोमवारची रात्र: पॉवर सायकल 31, अनसेफ शटडाउन 11. मंगळवारी दुपारी: 33 आणि 13. दुसऱ्या डिस्कवरही दोन्ही आकडे दोन-दोननेच वाढलेले. काही बोर्ड रीसेटच्या वेळीही स्लॉटची वीज क्षणभर तोडतात, म्हणून जूनमधल्या आमच्या नेहमीच्या रीबूटच्या आधीची आणि नंतरची फाइल काढून पाहिली. तेव्हा आकडा जागचा हलला नव्हता. म्हणजे या यंत्राचा हा आकडा विश्वासाचा. वीजच गेली होती, दोन वेळा.

आता उरले तिघे: पॉवर सप्लाय, सैल केबल आणि भिंतीकडचा पुरवठा. भाराच्या नोंदी दाखवणारी 'सार' ही आज्ञा चालवून पाहिली तर त्या वेळी प्रोसेसरवर जेमतेम 8 टक्के भार. दमलेला पॉवर सप्लाय बहुधा भाराखाली मान टाकतो. आणि तो दोनदा गेला तर तिसऱ्यांदाही जातो. इथे दुसऱ्या रीबूटला आता तीन तास होत आले होते आणि सगळं शांत. नऊ मिनिटांचं ते अंतरच विचित्र होतं. यंत्र असं वागत नाही. माणूस वागतो: एकदा बटण दाबतो, वाट बघतो, काही होत नाही म्हणून पुन्हा दाबतो.

स्वस्त सर्व्हरना बीएमसी नसल्यामुळे ग्राहकाच्या पॅनेलवरचं 'हार्ड रीसेट' बटण अनेक ठिकाणी रॅकमधल्या पीडीयूचं (यंत्रांना वीज वाटणाऱ्या पट्टीचं) आउटलेट बंद-चालू करतं. कोणतं यंत्र कोणत्या आउटलेटवर, हे कंपनीच्या नोंदवहीत असतं. नोंदवही चुकली, तर?

कंपनीला तिकीट, म्हणजे तक्रार, लिहिताना 'सर्व्हर आपोआप रीबूट झाला, कृपया पाहा' असं लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं: आम्हाला अडचण दिसत नाही, हवं तर 12 तासांची हार्डवेअर चाचणी घेऊ, तेवढा वेळ सर्व्हर बंद राहील. म्हणून नेमके प्रश्न विचारले, त्यांच्या घड्याळात. सकाळी 10:41:33 नंतर लगेच आणि 10:50 च्या सुमारास आमच्या यंत्राची वीज तुटली, हे डिस्कचे आधीचे-नंतरचे आकडे. त्या दोन वेळांना या रॅकच्या पीडीयूवर कोणतं आउटलेट स्विच झालं? कुणाच्या विनंतीवरून? आणि आमची केबल खरोखर तुमच्या नोंदीतल्या आउटलेटमध्ये आहे का, हे कुणी रॅकपाशी जाऊन केबल हाताने धरून पाहील का?

तिकीट पाठवल्यावर आमच्यातल्या एकाने सुचवलं, आपणच पॅनेलवरचं रीसेट दाबून बघू, काय होतं ते कळेल. त्याला अडवलं. तर्क बरोबर असेल तर आमचं बटण दुसऱ्या कुणाच्या चालू सर्व्हरची वीज तोडणार होतं.

उत्तर साडेतीन तासांनी आलं. दोन आठवड्यांपूर्वी शेजारचं यंत्र बदललं होतं, तेव्हा दोन केबलींची अदलाबदल झाली आणि नोंदवही तशीच राहिली. शेजारच्या ग्राहकाचा सर्व्हर त्या सकाळी अडकला. त्याने 10:41 ला रीसेट दाबलं, काही झालं नाही, 10:50 ला पुन्हा दाबलं, मग तिकीट टाकलं, आणि तंत्रज्ञाने जाऊन त्याच्या यंत्राचं बटण हाताने दाबलं. तो तंत्रज्ञ रॅकसमोर उभा असतानाही केबलींचा घोळ कुणाच्या ध्यानात आला नाही, याचं नवल वाटतं.

केबली जागेवर आल्याचं त्यांनी लेखी कळवल्यावर, दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी आम्ही ते बटण तपासलं. पोस्टग्रेस थांबवला आणि यंत्र 'पॉवरऑफ' न करता 'हॉल्ट' केलं. कारण बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परतल्यावर 'पूर्वी होतं तसं' अशी सेटिंग असेल, तर पूर्ण बंद केलेलं यंत्र बंदच राहतं. हॉल्टमध्ये सिस्टीम थांबते, डिस्कना रीतसर निरोप मिळतो, पण वीज चालू असते. मग पॅनेलवरचं बटण दाबलं. सव्वा मिनिटाने लॉगिन मिळालं. पॉवर सायकल 34, अनसेफ शटडाउन 13.